येलहंक्यात स्पॅनिश भात

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि आजवर मी कुणाला काही करून खाऊ घातलेलं नाही. बायकोला, अहल्याला, ताप आला होता तेव्हा एकदा मी तिला कॉफी करून दिली होती. ती कॉफी प्याली आणि लगेच उठून कामाला लागली. ताप उतरला म्हणून उठली, की पडून राहिले तर आणखी एक कप मिळेल या भीतीने उठली, ते मी विचारलं नाही. विचारण्याचा माझा स्वभाव नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. तिथेही लोक माझ्याकडे येऊन विचारायचे.

जेवणाच्या बाबतीत तर मी काहीच विचारत नाही. पुढे भात आला की भात खातो. एखाद्या दिवशी भाताऐवजी अवलक्की आली, म्हणजे पोहे आले, तर पोहे खातो. आज पोहे का, असं विचारण्याची पद्धत आमच्या घरी नाही. ते खातं अहल्याचं.

गेल्या डिसेंबरात आमची लेक सुखदा पुण्याहून आली होती. तिने आम्हाला एका मोठ्या हॉटेलात नेलं. तिथे एक तांबूस-पिवळा भात आला. सुखदा म्हणाली, हा स्पॅनिश. अहल्या बाहेर कांदा खाते, घरी खात नाही. हॉटेलात देव्हारा नसतो, असं तिचं साधं धोरण आहे. तिने तो भात दोनदा घेतला आणि म्हणाली, "असला भात कुणी आयता माझ्यापुढे ठेवला, तर मी दुसरं काही मागणार नाही." सगळे हसले. मीही हसलो. घरी परत येताना माझ्या लक्षात आलं की तिच्यापुढे काही आयतं ठेवू शकेल असा आमच्या घरात एकच माणूस राहतो.

तरीही मी गप्पच बसलो असतो. पण माघात अहल्या धारवाडला निघाली. तिच्या अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आठ दिवस राहायचं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ती अक्काला फोनवर सांगत होती, "अय्यो, यांचं काय! पुढ्यात आलं की जेवतात. नाही आलं तर वाचतात."

हे खरं होतं, म्हणूनच मला फार लागलं.

मी ठरवलं. गुरुवारी ती चारच्या सुमाराला घरी येईल, हातपाय धुईल, आणि मी तिला पाटावर बसवून तिच्यापुढे ताट ठेवीन. ती बसलेली, मी वाढतोय. सेहेचाळीस वर्षांत एकदा. मला एवढंच हवं होतं आणि हे एवढंसंच आहे असं मला वाटत होतं.

ती गेल्यावर मी कामाला लागलो, म्हणजे वाचायला लागलो. तीन दिवसांत स्पेनमधल्या भाताबद्दल जे मिळालं ते वाचलं आणि सवयीप्रमाणे त्याची कार्डं केली. एकूण सव्वीस झाली. तांदूळ आखूड आणि जाड हवा, तो धुऊ नये, कांदा-लसूण-टोमॅटो तेलात मंद परतावं, भाज्या उकळलेलं पाणी घालावं, केशर घालावं, धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड घालावी. एकोणिसाव्या कार्डावर मी तांबड्या शाईने लिहिलं होतं: "पाणी घातल्यावर भात मुळीच ढवळू नये." त्याखाली तीन रेघा. न ढवळल्यामुळे तळाशी जो खरपूस थर धरतो, त्यासाठी तिकडचे लोक ताटावर भांडतात म्हणे. हे वाचून मला धीर आला. काही न करणं हे ज्यातलं मुख्य कौशल्य आहे, असा पदार्थ मला जमेल असं वाटलं.

पहिली अडचण भांड्याची. या भाताला पसरट, उथळ, दोन कानांचं लोखंडी भांडं लागतं. मी येलहंक्याच्या जुन्या पेठेत गेलो. दुकानदाराने विचारलं, "किती माणसांना, सार?"

दोन माणसांना, असं म्हणायला माझी जीभ वळेना. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस बायकोसाठी परदेशी भात करायला भांडं शोधतो आहे, हे भर दुकानात सांगायला वेगळं काळीज लागतं. मी म्हणालो, "घरी मुंज आहे."

कशी कोण जाणे, मुंज तोंडात आली. दुकानदाराचा चेहरा उजळला. त्याने माळ्यावरून जे भांडं काढलं त्यात मुंजीचा बटू मांडी घालून बसला असता. "स्वल्प दोड्डदु," तो म्हणाला. म्हणजे जरासं मोठं. आणि माझा फोन नंबर घेऊन त्याने तो आप्पाजी नावाच्या आचाऱ्याला दिला, कारण आप्पाजी त्याचा मेहुणा होता.

ते भांडं ऑटोत आडवं बसेना. मी ते पोटाशी उभं धरून आलो. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधली सुचेता भेटली. ती आणि तिचा नवरा निहार पुण्याचे, दोघंही कंपन्यांत. ती म्हणाली, "वॉव काका, नवीन डिश अँटेना?"

मी नाही म्हणालो. त्यापुढे तिने चौथ्या मजल्यापर्यंत माझ्याकडून सगळं काढून घेतलं.

"किती क्यूट!" ती म्हणाली. हा शब्द मला पहिल्यांदाच लावला गेला होता. "काका, पण तुम्ही सोना मसुरी नका हं घेऊ. मोकळा होतो तो. माझ्याकडे इंद्रायणी आहे, आईने पाठवलाय. एकदम परफेक्ट होईल."

"चिकट होणार नाही?"

"तोच तर पॉइंट आहे ना!"

तो पॉइंट आहे की नाही हे कुठल्याच कार्डावर नव्हतं. पण मी इंद्रायणी घेतला. देणाऱ्याला नाही म्हणणं मला तांदळापेक्षा जड जातं.

मग केशर आणि ती मिरचीची पूड मी फोनवरून मागवली. आमच्या इमारतीत बाहेरचा माणूस फाटकावर आला की पहारेकरी ॲपमधून घरच्यांना विचारतो. घरच्यांनी हो म्हटलं की तो वर येतो. मंगळवारी मी तासभर फोन हातात घेऊन बसलो होतो. तो वाजलाच नाही. वाजला तो धारवाडला.

पाच मिनिटांनी अहल्याचा फोन आला. "अहो, तुमच्या नावाने तिखट आलंय म्हणे फाटकावर. घरात ब्याडगीची दोन डबे पुडी आहे."

"ते... संदर्भासाठी मागवलंय," मी म्हणालो.

 "सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. आणि धारवाडात बसून तिने बोटाने एकदा टिचकी मारली, तसा तो माणूस माझ्या दारात आला.

हे पुन्हा होऊ नये म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरी भव्या यांच्याकडे गेलो. त्या वरच्याच मजल्यावर राहतात. आम्ही कन्नडमध्ये बोलतो. मी म्हटलं, ॲपमध्ये माझाही नंबर घाला. त्यांनी संगणकात पाहिलं आणि हळहळल्या. "अंकल, घर अहल्या आंटींच्या नावावर आहे. सिस्टीममध्ये तुम्ही 'इतर अवलंबित' आहात."

"मी या इमारतीत एकोणीस वर्षं राहतोय."

"हो ना, अंकल. एकोणीस वर्षं अवलंबित." त्यांनी एक फॉर्म पुढे केला. "अर्ज, आधारची प्रत, आणि मालकीणबाईंचं ना हरकत पत्र. तुम्हाला फाटक उघडू द्यायला त्यांची हरकत नाही, असं."

मी तो फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. आयुष्यभर मी पुस्तकांचं वर्गीकरण केलं, माझं वर्गीकरण कुणी केलं नव्हतं. आता झालं, आणि ते चुकलंय असंही मला म्हणता येईना. उठताना भव्या म्हणाल्या, "कशासाठी हवंय एवढं?" आणि मी, अवलंबित असल्यामुळे, तेही सांगून टाकलं.

"स्पॅनिश भात? त्यात आमची सारिन पुडी स्वल्प घाला, अंकल. सारात घालतो तीच. स्पेनवाल्यांना कळणारसुद्धा नाही."

स्पेनवाल्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण एक वाटी पुडी माझ्या हातात आली.

बुधवारी आप्पाजी आचाऱ्याचा फोन आला. हा चौथा. आधीच्या तिन्ही वेळा मी 'पानं अजून ठरली नाहीत' असं सांगितलं होतं. आता तो मुहूर्तावर आला. मी वैतागून म्हणालो, "उद्या आहे."

"उद्या?" तो जरा घोटाळला. "उद्या मुंज कशी, सार? एकदा पंचांग बघून घ्या."

मी ठीक आहे म्हणालो आणि फोन ठेवला. नसलेल्या मुंजीसाठी पंचांग काय बघायचं?

त्याच संध्याकाळी अहल्याचाही फोन आला. "उद्या काय आहे ते लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. तिचं येणं मी कसं विसरेन?

"आणि माझ्या जेवणाचं काही बघू नका हं."

हे ऐकून माझ्या मनात जी किंचित धाकधूक होती तीही गेली. बघू नका म्हणजे काय? म्हणजे मला बघता येणारच नाही, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी मी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्याने दोन इडल्या खाल्ल्या आणि कामाला लागलो. स्वयंपाकघरात कांदा चालत नाही, म्हणून स्वयंपाकघरामागच्या अरुंद गॅलरीत, जिला इथे युटिलिटी म्हणतात, वॉशिंग मशीनशेजारी जुनी एका बर्नरची शेगडी मांडली. तिच्यावर ते भांडं ठेवलं, तशी शेगडी दिसेनाशी झाली. भांडं हत्तीच्या पाठीवर ठेवलेल्या पृथ्वीसारखं डुलू लागलं.

कांदा चिरताना मी रडलो, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की चष्मा पुसताना कांद्याचाच हात काचेला लागला, आणि पुढची वीस मिनिटं मी स्पेनचा भात अंदाजाने केला. टोमॅटो परतले. तांदूळ घातले. पाणी घातलं. केशर सोडलं. अंदाजाने घातलेली मिरचीपूड तेवढी नंतर कळली.

मग कळलं की आच फक्त मध्यावर लागते आहे. मधला भात रटरटत होता आणि कडेचे तांदूळ कोरडे, जसे दुकानातून आले तसे, गार पडून होते. सव्वीस कार्डांपैकी एकावरही यावर उपाय नव्हता. मी दोन फडकी घेऊन दर दोन मिनिटांनी भांडं थोडं सरकवू लागलो. कधी पूर्व आचेवर, कधी पश्चिम. ढवळायचं नाही, फक्त फिरवायचं. असं फिरवत असताना बेल वाजली.

सुचेता होती, घरून काम करत होती म्हणे. "कसं चाललंय, काका?" ती आत आली, आणि मी दार लावून मागे जाईपर्यंत तिच्या हातात उलथनं होतं.

"ढवळू नकोस!" मी ओरडलो. मी ओरडलो, याचं आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटलं.

"अहो पण काका, खाली लागत होतं."

"लागायलाच हवंय!"

"हो का? सॉरी सॉरी. पण मी एकदाच फिरवलंय हं. तळापासून."

मागोमाग भव्या आल्या. खमंग वास वर आला म्हणून आल्या, असं त्या म्हणाल्या. पण त्यांच्या हातात वाटी होती. मी सुचेताला एकोणिसावं कार्ड दाखवत असताना त्यांनी भातावर सारिन पुडी पेरली, आणि पेरलेली पुडी वरच दिसायला नको म्हणून ढवळली.  मला त्या बायकांची चूक वाटत नाही. आपल्याकडची बाई चुलीवरच्या भाताजवळून न ढवळता जाऊच शकत नाही. मीच ढवळायला न शिकल्यामुळे स्पेनच्या जवळ राहिलो होतो.

तेवढ्यात मध्यावरून धूर निघाला.

आमच्या इमारतीत सगळ्या युटिलिट्या एकाच उभ्या पोकळीत उघडतात. त्या पोकळीच्या तळाशी, तळमजल्यावर, हयवदनाचार्य राहतात. संस्कृतचे निवृत्त अध्यापक. सोवळं कडक, माणूस मऊ. माझ्या कांद्या-लसणाचा धूर वर जाण्याऐवजी खाली का गेला, हे भौतिकशास्त्राने सांगावं. मी भांडं उचलून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. दारात पाहतो तर हयवदनाचार्य उभे, आणि त्यांच्या मागे पिशवी घेतलेली अहल्या. गाडी वेळेवर आली होती.

"नरसिंहराव," आचार्य अगदी क्षीण आवाजात म्हणाले, "कांदा? आज? अहो, आज एकादशी आहे."



जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरात एकादशीला भात शिजत नाही. महिन्यातून दोनदा. माझ्या जन्माआधीपासून. आणि त्या दोन दिवसांची आठवण मला एकदाही ठेवावी लागली नव्हती, कारण पुढे भाताऐवजी पोहे आले की ती एकादशी असे. या वेळी पोहे पुढे ठेवणारी धारवाडला होती. भिंतीवरचं पंचांग माझ्या खुर्चीपासून चार हातांवर आहे. मी स्पेनवर सव्वीस कार्डं केली होती.

"मला ठाऊकच नव्हतं हो काकू," सुचेता रडवेली होऊन म्हणाली. "आम्ही आषाढीच धरतो, तीपण साबुदाण्यासाठी. पण काका आठ दिवस तुमच्यासाठीच खपतायत. तुम्हाला बसवून वाढायचं होतं त्यांना. एक घास तरी घ्या ना!"

अहल्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चष्म्याला कांदा, सदऱ्याला केशर आणि हातात दोन फडकी. मी खाली पाहिलं.

हयवदनाचार्य हा खरोखर दयाळू माणूस. दिवसभराचा निर्जळी उपास, तरी ते टेबलापाशी आले, वाकले आणि नाकाला उपरणं लावून त्यांनी भांडं चोहोबाजूंनी निरखलं. मग घसा साफ केला.

"अन्न म्हणजे शिजलेलं. हे कडेचं शिजलेलंच नाही. म्हणजे हे धान्य. मधलं जळालेलं आहे. ते अन्न नव्हे, भस्म. आणि या दोहोंच्या मधे जे आहे," ते थोडे अडले, "त्याला मला नाव देता येत नाही. पण भात नव्हे. अहल्याबाई, कांद्याचा दोष मी पत्करतो, कसंतरी निस्तरू. पण ज्याअर्थी हा भात नव्हे, त्याअर्थी एक घास घ्यायला अडचण दिसत नाही."

"हो हो, अजिबात भात नाहीये तो!" सुचेता आनंदाने म्हणाली.

भव्यांना मराठी येत नाही. मी त्यांना भाषांतर करून सांगितलं, कारण कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यांनीही वाकून पाहिलं आणि मान डोलावली. भात नव्हे. एकमत झालं.

आठ दिवसांत मला पुष्कळ गोष्टी म्हणून घ्याव्या लागल्या होत्या: क्यूट, अवलंबित, मुंजीचा यजमान. पण आपण केलेला पदार्थ तो पदार्थच नाही, असं शास्त्राधाराने सिद्ध होत असताना शेजारी उभं राहायचं, हे फारच होतं. शिवाय त्यातच माझं इच्छित होतं. मी गप्प राहिलो, तर ती खाणार होती.

अहल्याने पिशवी खाली ठेवली. ती टेबलापाशी आली. कडेचे दोन दाणे तिने बोटांत धरून चुरडले. मधला काळा भाग नखाने टोकरला. मग पदराला बोटं पुसली.

"आचार्य," ती म्हणाली, "सेहेचाळीस वर्षं रोज भात करते आहे. मला भात कळतो. हा भात आहे."

"अहो पण—"

"यांनी केलेला भात आहे. म्हणून मी आज खाणार नाही."

ती आत हातपाय धुवायला गेली. मी तिथेच उभा राहिलो. माझ्या भाताला त्या दिवशी जी एकटी भात म्हणाली, तीच तो खायला नाही म्हणाली होती. मला अहल्याने पूर्वी कधी असं चारचौघांत काही म्हटल्याचं आठवत नाही. मी चष्मा पुसला. त्या वेळी कांदा हाताला नव्हता.

भांडं सुचेता आणि भव्या घेऊन गेल्या. निहारने रात्री मध्यावरचं सोडून सगळं खाल्लं असं कळलं, आणि तिखट फार होतं असंही. अहल्याने दिवसभरात फक्त कॉफी घेतली. कॉफीने एकादशी मोडत नाही, असा आमच्या कर्नाटकातला सर्वमान्य शास्त्रार्थ आहे. कॉफीचा घोट घेत ती म्हणाली, "उद्या द्वादशी. पारणं सातच्या आत फेडायचं. कांदा-लसूण नको. टोमॅटो चालेल. पुडी नको. ती मुंजीची परात नको. माझं जाड बुडाचं पातेलं घ्या."

"मुंजीचं तुला कोणी सांगितलं?"

"आप्पाजी आचाऱ्याचा फोन आला होता. आज तुम्ही उचलत नव्हता म्हणून त्याने दुकानदाराकडून माझा नंबर घेतला. मी नेहमी तिथूनच भांडी घेते. पोराचं नाव विचारत होता."

पहाटे साडेपाचला मी अंघोळ करून स्वयंपाकघरात गेलो. अहल्या दारात स्टूल घेऊन बसली. पातेल्यात पाणी घातलं आणि मी मागे सरकलो. तिचा उजवा हात दोनदा पळीकडे गेला. दोन्ही वेळा तिने तो परत मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने धरून बसली. मी एवढा संयम आयुष्यात पाहिलेला नाही.

देवाला दाखवून झाल्यावर मी पान मांडलं. ती पाटावर बसली. मी वाढलं. भात जरा फडफडीत झाला होता, मीठ कमी होतं. ती जेवली. दुसऱ्यांदा घेतला. मग पातेल्याकडे पाहून म्हणाली, "तळाचं राहिलंय."

"तळाचं म्हणजे तिकडे सगळ्यात उत्तम समजतात," मी कार्ड न बघता सांगितलं. "खरपूस थर. त्यासाठी भांडतात."

ती हातातला घास तसाच ठेवून थांबली. आमच्या घरी ती नेहमी शेवटी जेवते. सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात असेल ते. म्हणजे बहुतेक खरवडच.

"असं होय," ती म्हणाली. "म्हणजे सेहेचाळीस वर्षं चांगलं तेवढं मीच खाल्लं, आणि तुम्हाला पत्ता लागू दिला नाही."

तिने उलथनं मागितलं. मी दिलं.

तिचं आटोपल्यावर मी पान घेतलं. वरचा भात थोडा होता, तो वाढून घेतला. तळाशी हात घातला, तर पातेलं लख्ख होतं.